सरासरी 6.5 आली, पण रायटिंग 5.5 आहे

लातूर

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आयईएल्ट्सच्या, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजीच्या, सराव परीक्षेचा निकाल पाहिला. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 5.5, स्पीकिंग 6. बेरीज 26, भागिले चार, एकूण बँड, म्हणजे 9 पैकी मिळणारी श्रेणी, 6.5. विद्यापीठाला 6.5 च हवा, म्हणून तू निर्धास्त आहेस. पण त्यांच्या पत्रातली पुढची ओळ वाच माय: कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी चालणार नाही. म्हणजे या गुणांवर प्रवेश नाही.

आयईएल्ट्समध्ये सरासरी जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. 6.25 चे 6.5 होतात, 6.75 चे 7, 6.125 मात्र खाली 6 वर येतात. तू लिसनिंग 8 वर नेलंस तरी बेरीज 26.5, सरासरी 6.625 आणि बँड तोच, 6.5. तेवढीच मेहनत रायटिंगवर घातलीस तरी एकूण आकडा हलणार नाही, पण अट पूर्ण होईल. तेव्हा कानाचे हेडफोन काढ आणि लिहायला बस.

रायटिंगच्या एका तासात दोन टास्क असतात. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून पहिल्याला 20 मिनिटं आणि दुसऱ्याला 40. शब्द किमान 150 आणि 250. तपासणारा चार गोष्टी बघतो आणि चारींना सारखंच वजन देतो: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपदा आणि व्याकरण. तुझं व्याकरण बरं आहे. घोटाळा पहिल्या गोष्टीत आहे. 'कारणे कोणती आणि उपाय काय' असं विचारलेलं असताना तू सगळे परिच्छेद कारणांवर खर्च केलेस आणि उपाय शेवटच्या दोन ओळींत उरकलेस. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं की इंग्रजी कितीही चांगलं असो, तिथला बँड वर सरकत नाही. गाईडमधले निबंध पाठ करून तर अजिबात जाऊ नकोस. पाठ केलेलं तपासणाऱ्याला लगेच कळतं आणि त्याचं श्रेय मिळत नाही.

पहिल्या टास्कला बहुतेक वेळा आलेख किंवा तक्ता येतो. सरावाला जायकवाडीच्या पाणीसाठ्याचा वर्षभराचा आलेख घे. आधी दोन वाक्यांत एकूण चित्र सांग: पावसाळा संपताना साठा सर्वांत जास्त, उन्हाळ्याच्या अखेरीस तळाला. मग मोजके आकडे, तेही एकमेकांशी तुलना करून. तू जानेवारी ते डिसेंबर बारा आकडे ओळीने लिहितेस आणि एकूण चित्र सांगतच नाहीस, 5.5 चं अर्धं कारण तेच. आणि 'पाऊस कमी झाला म्हणून' असलं काही लिहू नकोस. कारण आलेखात नसेल तर ते उत्तरातही नको.

लिसनिंग आणि रीडिंगला 40-40 प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. विद्यापीठ प्रवेशासाठीच्या ॲकॅडमिक परीक्षेत साधारण 23 बरोबर आले की 6, 30 ला 7, 35 ला 8. पेपरनुसार एखाद्या गुणाचा फरक पडतो. इथे मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसारखं निगेटिव्ह मार्किंग नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आपल्या लातूरच्या क्लासेसनी लावलेली 'खात्री नसेल तर सोडून दे' ही सवय इथे टाकून दे, एकही जागा रिकामी ठेवू नकोस. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असताना तीन लिहिले की गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला. अकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम असतात. अनेकवचनाचा एस राहिला तरी तेच.

स्पीकिंगची चिंता नको. 11 ते 14 मिनिटांच्या गप्पा असतात. आपल्या मराठी वळणाच्या उच्चारांसाठी गुण कापत नाहीत, बोललेलं समजायला जड गेलं तर कापतात. परीक्षक एक कार्ड देतात, त्यावरच्या विषयाला एक मिनिट तयारीला मिळतं, त्यात मुद्दे टिपून घे. बोलताना दोन मिनिटांनी त्यांनी थांबवलं तर घाबरू नकोस, वेळ संपलेली असते इतकंच.

खऱ्या परीक्षेत फक्त रायटिंगच अडलं, तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना 60 दिवसांच्या आत तेवढा एकच विभाग पुन्हा देता येतो. पण सगळी विद्यापीठं तो निकाल मानत नाहीत. फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घे. निकाल दोन वर्षंच चालतो, हे धरून परीक्षेची तारीख ठरव.

तुझी,
आई