दूध नाकातून यायचं ते आठवतंय का तुला?

प्रिय सुमे,

फोनच करणार होते पण फोनवर रडू येतं गं, मग सांगायचं राहूनच जातं. ओमचा रिपोर्ट आला. तुला माहितीये चार वर्षं काय चाललंय, दर महिन्याला कान नाहीतर छाती, दोनदा न्यूमोनियाला अॅडमिट, त्यात तिसऱ्या वर्षी ऑटिझम कळला. छातीचे डॉक्टर वेगळे, ऑटिझमचे वेगळे, फायली पण दोन, आणि एकाने दुसऱ्याची फाइल कधी उघडली नाही ह्याचा मला अजून राग आहे. शेवटी जेनेटिक्सच्या मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवल्या, तोंडात बॅटरी मारून त्याची टाळू बघितली, त्याचं गेंगाणं बोलणं ऐकलं आणि मायक्रोअरे, म्हणजे क्रोमोसोमचा तुकडा कमी-जास्त आहे का बघणारी टेस्ट, करायला सांगितली.

२२ नंबरच्या क्रोमोसोमचा बारीक तुकडाच नाहीये त्याच्यात, ३०-४० जीन्स असतात म्हणे त्यात. डिजॉर्ज सिंड्रोम म्हणतात. त्याने छातीतली थायमस ग्रंथी नीट वाढत नाही, इन्फेक्शनशी लढणाऱ्या टी पेशी तिथेच तयार होतात, त्या कमी पडल्या की इन्फेक्शनं. आणि तोच तुकडा मेंदूच्या वाढीलाही लागतो म्हणून ह्या मुलांत ऑटिझम इतरांपेक्षा जास्त दिसतो. म्हणजे इम्युनिटी कमी म्हणून ऑटिझम झाला असं नाही, दोन्हीचं मूळ एकच. सासूबाई लसीला दोष देत होत्या, त्यांना सांगितलं की लसीने ऑटिझम होतो म्हणणारा तो १९९८चा पेपर २०१०मध्ये मागे घेतलाय.

बहुतेक घरांत हे मुलात नव्यानेच होतं, दहातल्या एखाद्या घरात आईवडिलांकडून येतं. आमच्या घरात ते माझ्याकडून आलंय सुमे. ह्यात बऱ्याच जणांना हार्टचा त्रास असतो, मला कधी तोही नाही, काही नाही, मग कळणार कसं? प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, म्हणून चिऊचं रक्तही पाठवलंय, आणि गोवरच्या लसीत जिवंत विषाणू असतो म्हणून तिच्या टी पेशी मोजेपर्यंत ती लस थांबवलीये.

आता मॅडमना माझ्या लहानपणाची हिस्टरी हवीये आणि आई तर नाही विचारायला. वर्गात मी कविता म्हटली की बाईंना कळायची नाही, मग तू बाकावरून उठून तीच ओळ परत म्हणायचीस. डबा खाताना हसले की दूध नाकातून यायचं. ह्या सिंड्रोममध्ये टाळू नीट काम करत नाही, त्याने बोलणं गेंगाणं होतं आणि दूधही नाकातून येतं म्हणे. हे कितवीपर्यंत होतं, माझा कान किती वेळा फुटायचा, मी शाळा किती बुडवायचे, जे आठवेल ते लिही गं. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, त्याआधी पाठव.

तुझीच,
मीनू