डॉग वॉकर ठेवताय, मग त्याच्या लसीचं पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दादर-माहीम भागात हल्ली कितीतरी घरांत कुत्रा आहे आणि घरातले सगळे नोकरीवर, त्यामुळे फिरवायला माणूस ठेवणं ही चैन नाही, गरज आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ठेवताना लोक दोनच गोष्टी विचारतात, महिन्याचे किती घेणार आणि किती वाजता येणार. एका वेळी किती कुत्री नेतोस हे कोणी विचारतच नाही.

पैशासाठी घासाघीस केली की तो मुलगा तरी काय करणार, एकाच फेरीत पाच-सहा कुत्री घेऊन निघतो. शिवाजी पार्कला मी हे रोज बघते. लॅब्रेडोर पुढे ओढतोय आणि पग मागे धापा टाकतोय, पगचं नाक चपटं, त्याला आधीच श्वास पुरत नाही, ऑक्टोबर हीटमध्ये त्याला असं पळवलं तर तो जागेवर कोसळू शकतो. त्यात गल्लीतली कुत्री अंगावर आली की सहा पट्ट्यांचा गुंता एकट्याने आवरणं शक्यच नाही, एखादा मान मागे ओढून पट्ट्यातून निसटतो आणि थेट गाड्यांमध्ये. दोन, फार तर तीन कुत्री, त्याहून जास्त नकोच, आणि त्यासाठी जास्त पैसे पडले तर द्यायला हवेत.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कुत्र्याची रेबीजची लस आपण दरवर्षी न चुकता देतो, पालिकेचं लायसन्स काढताना तिचा दाखला पण लागतो, पण ज्या मुलाचा हात दिवसभर वेगवेगळ्या कुत्र्यांच्या तोंडाशी असतो त्याला लस दिली का हे कोण बघतं? कामामुळे ज्यांचा प्राण्यांशी सतत संबंध येतो त्यांनी कुत्रा चावायच्या आधीच लस घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार घरांनी मिळून हा खर्च केला तर कोणालाच जड नाही. आणि चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, हळद-चुना लावत बसायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, कुत्र्याला पण आणि त्याला पण, तेव्हा गमबूट घेऊन द्या.

अजून एक, काही सोसायट्या या मुलांना कुत्र्यासकट लिफ्टमध्ये घेत नाहीत, जिन्याने जा म्हणतात. कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येणार नाही असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ सालीच सांगितलंय, कमिटीवाल्यांनी ते एकदा वाचावं.

पालिकेच्या दवाखान्यात कुत्रा चावल्यावर लस मिळते, तशी या मुलांना आधीच मिळायची सोय करावी आणि आपल्या वर्तमानपत्राने हा विषय पालिकेपुढे लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, दादर