आजीला बडोद्यातच राहू द्या

न्यू हेवन, कनेक्टिकट

ती. काका व सौ. काकूंना सा. न. वि. वि.

आजीला नाशिकला न्यायचं ठरतंय, असं बाबांकडून कळलं. दांडिया बाजारातला तो उभा जिना, तिचं वय, रात्रीचं एकटेपण, या सगळ्याचा तुम्हाला घोर लागणारच. तरी मला हे पटत नाही. फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

आजी १९२६ची. माहेर रावपुऱ्यात, सासर दांडिया बाजारात, बडोदं काही तिनं सोडलं नाही. राज्यं मात्र बदलत गेली. जन्म गायकवाडीतला. १ मे १९४९ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६०ला गुजरातेत गेलं. ज्या दिवशी तुमच्याकडे महाराष्ट्र दिन, त्याच दिवशी आजी गुजरातची झाली आणि घरात मराठीच बोलत राहिली.

१९३९ म्हटलं की आपल्याला महायुद्ध आठवतं. तिला आधी ६ फेब्रुवारी आठवते. सयाजीराव महाराज गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, हे तिनं मला कितीदा सांगितलंय. युद्धाचं तिला कळलं ते वर्तमानपत्रातून. काका, मला सांगायचंय ते हेच. पणजी खानदेशातल्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, तिला अक्षर येत नव्हतं. महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही, म्हणून आजी शाळेत गेली. हिरोशिमाची बातमी तिनंच पणजीला वाचून दाखवली. फाळणी झाली, वारसियात सिंधी कुटुंबं आली, पुढे माणूस चंद्रावर उतरला. सगळं तिनं आधी स्वतः वाचलं, मग घरातल्यांना सांगितलं.

इथे एक जुनं ग्रंथालय आहे, १८२६ साली सुरू झालेलं. विल्यम बॉर्डन तिथले ग्रंथपाल. १९१०मध्ये महाराजांनी त्यांना बडोद्याला बोलावलं आणि राज्यभर ग्रंथालयं उभी करायचं काम दिलं. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तकं जाऊ लागली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आजीनं लहानपणी मला नेलं होतं, काचेच्या जमिनीवरून चालायला मी घाबरत होते. बॉर्डन याच गावचे, हे मी तिला फोनवर सांगितलं तर तिला केवढा आनंद झाला!

अशा बाईला नव्या गावातल्या फ्लॅटमध्ये बसवून कसं चालेल? तिथे तिला कोण ओळखणार? बडोद्यात भाजीवालीसुद्धा तिच्याशी गायकवाडीतल्या गोष्टी बोलते.

दिवसरात्र सोबतीला बाई ठेवूया, तिचा पगार मी पाठवीन. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवून घ्या. मोठ्या अक्षरांसाठी भिंगाचा दिवा मी इथून घेतलाय, डिसेंबरात येताना आणते. तोवर निर्णय घेऊ नका, एवढं ऐका. आणि काकू, तुम्ही जाल तेव्हा तिला सकाळचा पेपर मोठ्यानं वाचायला लावा, तिला ते फार आवडतं.

तुमची पुतणी