सोहमच्या गाडीचे पैसे थांबवा, बाबा

ॲडलेड,
22 जून 2025

तीर्थरूप आई-बाबांना,
मनीषाचा साष्टांग नमस्कार.

हे रविवारी फोनवर बोलता आलं असतं. पण फोन स्पीकरवर असतो, दादा-वहिनी शेजारी असतात, आणि सोहमचा विषय निघाला की सगळे एकदम बोलायला लागतात. म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू बाबांना वाचून दाखव. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत, त्यांना ताण नको.

रस्ता रुंदीकरणात गेलेल्या जमिनीचे पैसे आले आणि त्यातले अठरा लाख सोहमच्या गाडीला द्यायचं तुम्ही कबूल केलंत, असं दादा म्हणाला. सोहमने मला फोटोही पाठवले. दोन दारांची जर्मन गाडी, 2014 सालची, लाल. खाली लिहिलंय, "आत्या, तीनशे हॉर्सपॉवर! स्टेज टू केली की चारशे." बाबा, स्टेज टू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून आणि काही पार्ट बदलून ताकद वाढवायची. ब्रेक आणि टायर बरेचदा जुनेच राहतात. सोहमला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले, लायसन्स हातात येऊन दोन.

मला याला 'नाही' म्हणायचंय. आणि का, ते नीट सांगायचंय, कारण हे माझं रोजचं काम आहे.

मी ठोकलेल्या गाड्या तपासते, हे तुम्हाला माहीत आहे. काय तपासते, ते कधी सविस्तर सांगितलं नाही. गेल्या महिन्यात एक गाडी आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाची. घेऊन अकराच दिवस झाले होते. त्याआधी सहा वर्षं तो एक छोटी गाडी चालवत होता, एकही अपघात नाही. पाऊस पडून गेलेला, रात्रीचे साडेनऊ, गोल चौकातून बाहेर पडताना गाडी फिरली आणि स्टोबी पोलवर गेली. इथले विजेचे खांब म्हणजे लोखंडाच्या दोन तुळया आणि मध्ये काँक्रीट. तो खांब वाकत नाही, गाडी वाकते. गाडीचा दरवाजा ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आत आला होता. मुलगा वाचला, मनगट आणि दोन बरगड्यांवर निभावलं.

गाडीत एक छोटा रेकॉर्डर असतो. धडकेआधीची पाच सेकंदं तो साठवून ठेवतो: वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेक, स्टेअरिंग. मी तो कॉम्प्युटरला जोडून वाचला. पाच सेकंद आधी वेग 48, पाय हलका. अडीच सेकंद आधी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एक सेकंद आधी वेग 70, आणि ॲक्सिलरेटर एकदम शून्य. लगेच ब्रेक, आणि स्टेअरिंग एका बाजूला टोकापर्यंत. मग खांब.

त्या दीड सेकंदात काय झालं, ते तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. वळण अजून संपलं नव्हतं, रस्ता ओला होता, ताकद मागच्या चाकांना होती. चाकांची पकड सुटली आणि मागची बाजू बाहेर निघाली. तो घाबरला आणि माणूस घाबरल्यावर जे करतो तेच त्याने केलं. पाय उचलला, ब्रेक मारला. गाडीचं सगळं वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, आणि उरलीसुरली पकडही गेली. छोट्या गाडीत सहा वर्षं हीच चूक त्याच्या हातून झाली असणार. पण त्या गाडीत चूक अंगाशी येण्याइतकी ताकदच नव्हती, म्हणून त्याला ती कळली नाही.

तो आईबरोबर सामान घ्यायला आला होता. हात गळ्यात बांधलेला. मला तीनदा विचारलं, "ट्रॅक्शन कंट्रोल चालू होतं ना?" चालू होतं. ती यंत्रणा चाकं सावरते, पण टायरला रस्ता जेवढा धरून ठेवतो तेवढ्यातच. जिथे पकडच नाही तिथे ती कुठून आणणार? त्याच्या आईने पुढचा कप्पा उघडला. आत शोरूमने दिलेलं माहितीपुस्तक होतं, प्लॅस्टिकही न फाडलेलं. त्याच्याखाली एक पिवळी एल पाटी होती, शिकताना काचेला लावतात ती. तिने ती जपून ठेवली असावी आणि नव्या गाडीत हौसेने टाकली असावी. ती पाटी हातात धरून ती बाई खुर्चीवर बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काही सुचलं नाही.

आई, त्या बाईत मला वहिनी दिसली. खरं सांगते.

बाबा, तुम्ही चालवायचात ती चिपळूणची एसटी मला आठवते. सुट्टीत तुम्ही मला इंजिनच्या बॉनेटवर बसवायचात, खाली घोंगडीची घडी. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात धुकं असं दाटायचं की पुढची दोन वळणंही दिसायची नाहीत. तुम्ही वळण यायच्या आधीच पाय उचलायचात. मी विचारलं होतं, अजून वळण आलंच नाही, मग आत्ताच का? तुम्ही म्हणालात, "वळणात ब्रेक मारायचा नसतो पोरी, वळणाच्या आधी मारायचा असतो." आणि उतरताना, ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. त्या मुलाला ही दोन वाक्यं कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तरी अकरा दिवसांत ती पायात उतरली नसती. तुमच्या पायात उतरायला किती वर्षं लागली? आठाच्या आकड्याची चाचणी, मग सपाटीच्या गाड्या, आणि मग कुठे घाट. पन्नास माणसं मागे घेऊन. विनाअपघात सेवेचा तो बिल्ला अजून आईच्या कपाटात आहे ना?

मला वाटतं, ताकद वाईट नाही. हात तयार व्हायच्या आधी ती मिळते, ते वाईट. आणि आपल्याकडे मोटारीसाठी मधली पायरीच नाही. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीची बिनगिअरची दुचाकी, मोटरसायकलला अठरा. दुचाकीला निदान तेवढी तरी पायरी आहे. मोटारीला अठरा पूर्ण झाले की ज्या लायसन्सवर आपली जुनी मारुती चालते त्याच लायसन्सवर लॅम्बोर्गिनीही चालते. इथे शिकाऊ मुलांना 75 तास कुणाच्या देखरेखीखाली चालवावं लागतं, त्यातले 15 रात्रीचे, आणि ते वहीत लिहून ठेवावे लागतात. मग पी पाटी, म्हणजे नव्या लायसन्सवाल्याने गाडीला लावायची खूण. पंचवीस वर्षांच्या आत, पी पाटी असेपर्यंत, जास्त ताकदीच्या गाड्या बंद.

तरीही इथे पुरलं नाही. 2019 साली याच शहरात ग्लेन ऑस्मंड रोडवर एका लॅम्बोर्गिनीचा ताबा सुटला आणि ती फुटपाथवर चढली. पंधरा वर्षांची मुलगी गेली, तिची मैत्रीण जबर जखमी झाली. धोकादायक गाडी चालवून मृत्यू घडवल्याच्या आरोपातून चालक सुटला, निष्काळजीपणाचा गुन्हा त्याने कबूल केला. त्या मुलीच्या आई-वडिलांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी 1 डिसेंबर 2024 पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात नियम आला: वजनाच्या एका टनामागे 276 किलोवॅट किंवा जास्त ताकद असलेल्या गाडीला वेगळं यू वर्गाचं लायसन्स, त्यासाठी वेगळा कोर्स, आणि ट्रॅक्शन कंट्रोलसारख्या यंत्रणा बंद करून चालवणं हा गुन्हा. वय काहीही असो. मला हे पटतं, कारण अनाडीपणा वयावर नसतो. नवी ताकद हातात आली की चाळिशीचा माणूसही शिकाऊच.

आता पुण्याचं. 19 मे 2024च्या पहाटे कल्याणीनगरला जे झालं ते तुम्ही पेपरात वाचलंत. सतरा वर्षांचा मुलगा, विजेवरची पोर्शे, 1,758 रुपये फी न भरल्यामुळे नोंदणीसुद्धा पुरी न झालेली. मोटरसायकलवरचे मध्य प्रदेशातले दोन तरुण इंजिनियर गेले. 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आई, तू त्या दिवशी मला फोन करून त्या दोघांच्या आयांसाठी रडली होतीस. आणि बाबा, तुम्ही मागून एकच वाक्य बोललात, "किल्ली कुणी दिली ते विचारा."

ते वाक्य मी विसरलेले नाही. आता तीच किल्ली आपल्या घरातून जाणार आहे. सोहम दारू पीत नाही, मुलगा गुणी आहे, अपघात करायला कुणी निघत नाही, हे सगळं मला मान्य. तो सज्ञानही आहे. मुलगा अठराच्या आतला असता तर 2019च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांची कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. अठरा झाले की कायदा तुम्हाला काही विचारत नाही. म्हणून मी विचारतेय.

पैसे थांबवा. पण त्याला तोंडावर नकार देऊन रडवू नका, नाहीतर तो मित्रांची गाडी घेऊन रात्री बायपासला जाईल, हे मला माहीत आहे. माझं नाव पुढे करा. म्हणा, आत्या म्हणते दोन वर्षं थांब. मी त्याच्याशी स्वतः बोलेन. आणि तुमचा डोळा डॉक्टरांनी मोकळा केला की आपली मारुती काढा, त्याला गाडी चालवायला बसवा, तुम्ही शेजारी बसा. कराड ते चिपळूण, पावसात, दिवसा आणि नंतर एकदा रात्री. पाच-सहा फेऱ्या. त्याला वाटेल, आजोबांना घेऊन फिरायला चाललोय. चालेल, तसंच वाटू दे. वळणाच्या आधी त्याचा पाय उचलला जातो का, तेवढं फक्त बघा आणि मला कळवा.

आई, बाबांचे थेंब दिवसातून चार वेळा घालायचेत, तीन नाही. मागच्या वेळी तू तीन म्हणालीस. आणि तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे पाठव, मी वाट बघतेय.

दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय. तेव्हा सोहमच मला पुण्याहून कराडला आणेल. मारुतीतून. मी मागे बसेन.

तुमची,
मनू