तेल तापण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

वेगळ्या चवीचं काही खावंसं वाटतं, पण बाहेरून मागवलं की मीठ आणि तेल बाबांना सोसत नाही. आईला ओट्याशी तासभर उभं राहवत नाही. म्हणून चार पदार्थ नीट लिहून पाठवते आहे: एक इटलीचा, एक ट्युनिशियाचा, एक दक्षिण चीनचा, एक ग्रीसचा. मुद्दाम विकत आणायच्या वस्तू तीनच आहेत: स्पॅगेटीचं पाकीट, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची 250 मिलिलिटरची बाटली आणि सोया सॉस. तयार मसाल्याची पाकिटं आणू नका. त्यात मीठच जास्त असतं आणि चव सगळ्या पाकिटांची सारखीच.

एक गोष्ट आधी सांगते, कारण चारही पदार्थ तिच्यावर उभे आहेत. आपल्या स्वयंपाकात तेल आधी चांगलं तापतं, मोहरी तडतडते आणि मग पुढचं सगळं. या चारांपैकी एकातही तसं करायचं नाही. कुठे लसूण गार तेलात पडतो, कुठे जिरेपूड शिजलेल्या कांद्यावर, कुठे तिळाचा वास अगदी शेवटी वरून येतो आणि कुठे तेलाला आच लागतच नाही. आई, हात सवयीने मोहरीच्या डबीकडे जाईल. मोहरी, हळद, हिंग पडलं तर जे होईल तेही चांगलंच लागेल, पण ती आपलीच चव असेल. त्या दिवशी मिसळणाचा डबा बंदच राहू दे.

मापं अशी धर: वाटी म्हणजे आमटीची, 150 मिलिलिटरची. लहान चमचा 5 मिलिलिटरचा, मोठा 15 चा. सगळी प्रमाणं दोघांपुरती आहेत.

पहिला पदार्थ नेपल्सचा, स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो. लसूण, तेल, मिरची आणि स्पॅगेटी, एवढंच. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या, मैद्याची स्पॅगेटी शिजताना लगदा होते. 500 ग्रॅमच्या पाकिटातला चौथा भाग दोघांना पुरतो. दीड लिटर पाणी खळखळून उकळलं की लहान चमचाभर मीठ घाल आणि स्पॅगेटी सोड. पाणी याहून जास्त नको, कारण स्पॅगेटीतला जो स्टार्च पाण्यात उतरतो तोच पुढे कामाला येणार आहे आणि तो दाटच हवा. पाण्यात तेल घालायचं नाही. ते वर तरंगत राहतं आणि काढताना स्पॅगेटीला माखतं, मग तिला पुढचं काही चिकटत नाही. पहिलं एक मिनिट ढवळत राहिलं की ती एकमेकींना चिकटत नाही.

स्पॅगेटी शिजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर पसरट पॅनमध्ये तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि लसणाच्या दहा-बारा पाकळ्यांच्या पातळ चकत्या एकत्र घाल आणि मग गॅस लाव, अगदी बारीक. तेल आणि लसूण बरोबरच तापले पाहिजेत. गरम तेलात लसूण टाकला तर बाहेरून लगेच तपकिरी होतो, आतला रस तेलात उतरायला वेळच मिळत नाही. चार-पाच मिनिटांत कडेने बारीक बुडबुडे येतील आणि चकत्यांच्या कडा पिवळसर दिसू लागतील. इथेच थांबायचं. बी काढलेली एक ब्याडगी मिरची तुकडे करून घाल आणि गॅस बंद कर. गॅस बंद केल्यावरही तापलेल्या तेलात लसूण रंगतच राहतो, म्हणून हवा तसा रंग येण्याच्या जरा आधीच बंद करावा लागतो. तपकिरी झाला तर तेलही कडू होतं आणि तो कडूपणा कशानेही जात नाही. टाकून द्यायचं आणि नवा लसूण चिरायचा.

आता स्पॅगेटीच्या पाण्यातलं अर्धी वाटी पाणी या तेलात ओत. जरा लांब उभी राहा, ते उडतं. पाकिटावर नऊ मिनिटं लिहिली असतील तर सातव्या मिनिटाला स्पॅगेटी चिमट्याने उचलून थेट पॅनमध्ये घ्यायची. उकळत्या पाण्याचं जड पातेलं चाळणीवर उपडं करण्याच्या भानगडीत पडू नका. आणि नळाखाली तर धुवूच नका, हवा तो स्टार्च धुऊन जाईल. गॅस मोठा करून दीड-दोन मिनिटं हलवत राहा. स्टार्च तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्येक काडीवर पातळ, चमकदार थर बसतो. पॅनच्या तळाशी तेल वेगळं दिसलं तर पाणी कमी पडलंय. दोन मोठे चमचे आणखी घालून जोरात हलवलं की परत मिळून येतं. ताटात वाढल्यावर गोळा होऊ लागली तरी उपाय हाच.

मूळ पदार्थात चीज नसतं. पार्सली असते, ती नसली तर कोथिंबीर अगदी चिमूटभर घाल, कारण तिचा वास लसणावर चढतो. आई, कवळीला त्रास होत असेल तर स्पॅगेटी आधीच तीन तुकडे करून घे आणि पॅनमध्ये मिनिटभर जास्त शिजव. इटलीत तोडलेली स्पॅगेटी बघून लोक नाराज होतात, पण चावता येणं महत्त्वाचं.

तेलाच्या बाटलीबद्दल बाबांना सांगते, खरेदी त्यांची आहे. ‘पोमेस’ लिहिलेली बाटली घेऊ नका. तेल गाळून उरलेल्या चोथ्यातून ते रसायनाने काढून शुद्ध केलेलं असतं. तळणीला चालतं, पण त्याला वास नसतो आणि या पदार्थात वासाचेच पैसे आहेत. बाटली गडद काचेची आणि लहान घ्या. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा आणि गॅसपासून लांब ठेवा.

आणि हे दोघांनीही लक्षात ठेवा: लसूण घातलेलं तेल बरणीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणाला आंबटपणा नसतो. अशा जागी बोट्युलिझमचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. आपलं लोणचं टिकतं ते मिठामुळे आणि आंबटपणामुळे. इथे पुरेसं मीठही नाही आणि आंबटपणाही नाही. लागेल तेवढंच करा.

दुसरा पदार्थ शकशुका, ट्युनिशिया आणि आसपासच्या उत्तर आफ्रिकेतला. दाट टोमॅटोत शिजलेली अंडी. पारशी घरांत टोमॅटोवर अंडी करतात, त्याच्या जवळचा. याची खरी चव हरिसा नावाच्या मिरचीच्या वाटणात आहे. ट्युनिशियाच्या हरिसाची 2022 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नोंद झाली. घरी करायला सहा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. मग लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धा लहान चमचा धनेपूड, तेवढीच जिरेपूड, पाव चमचा शहाजिरं, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल घालून वाटा. तिकडे कॅरवेचं बी घालतात, शहाजिऱ्याचा वास त्याच्या जवळ जातो. यातही कच्चा लसूण तेलात आहे, म्हणून हे फ्रिजमध्येच ठेवायचं आणि चार दिवसांत संपवायचं.

दोन मोठे चमचे तेलात एक मोठा कांदा आणि एक सिमला मिरची, दोन्ही उभे चिरून, मंद आचेवर आठ मिनिटं. मऊ झाले पाहिजेत, लाल नाही. त्यावर लहान चमचाभर जिरेपूड आणि तेवढाच हरिसा. अर्ध्या मिनिटाने अर्धा किलो टोमॅटो. टोमॅटो चिरू नका, अर्धे करून किसणीवर किसा. गर खाली पडतो आणि साल हातात राहते, दातांत अडकायला काही उरत नाही. लांबट, गराचे टोमॅटो घ्या. गावठी रसाळ असतात, आटायला दुप्पट वेळ खातात आणि आंबट होतं. तसेच मिळाले तर चिमूटभर साखर घाला. अर्धा लहान चमचा मीठ.

आता झाकण न ठेवता पंधरा मिनिटं आटवायचं. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. चमचा तळाला टेकवून ओढला की मागे रेघ दोन क्षण तशीच राहिली पाहिजे. रस पातळ असेल तर अंडं त्यात पसरतं, पांढरं शिजेपर्यंत पिवळ्याचा दगड होतो. दाट झालं की चमच्याने चार खड्डे करा आणि प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग खड्ड्यात सोडा, म्हणजे खराब अंडं निघालं तर सगळं वाया जात नाही. चमच्याच्या टोकाने पांढरं थोडं रसात ओढून मोकळं करा, झाकण ठेवा, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. हॉटेलात पिवळं वाहतं ठेवतात. तुमच्या वयात अर्धकच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंचा त्रास जास्त होतो, तेव्हा पिवळंही घट्ट होऊ द्या. लोखंडी कढई वापरू नका, आंबटाने धातूची चव उतरते. सोबत पाव.

तिसरा पदार्थ पोट बिघडल्यावर, ताप येऊन गेल्यावर किंवा पावसाळी संध्याकाळी करण्याचा: चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला जूक. आपली कोकण-गोव्याची पेज उकड्या तांदळाची, तिच्यात शीत वेगळं आणि पाणी वेगळं राहतं. जूकमध्ये दाणा इतका फुटतो की दोन्ही एकच होतं. त्यासाठी आंबेमोहोराची कणी उत्तम. अर्धी वाटी कणी धुवा, लहान चमचाभर तेल चोळा, अर्धा तास ठेवा. उघड्या पातेल्यात पाच वाट्या पाणी लागतं, कुकरमध्ये वाफ जात नाही म्हणून चार. थेट कुकरमध्ये शिजवताना तो निम्म्याहून जास्त भरू नका. पेजेचा फेस शिट्टीच्या नळीत शिरतो आणि ती बंद पडू शकते. एक शिट्टी, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. उघडल्यावर रवीने मिनिटभर घुसळा. अख्खा तांदूळच घरात असेल तर तो धुऊन, निथळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आतल्या पाण्याचं बर्फ होताना दाणा आतून तडकतो आणि वीस मिनिटांत फुटतो.

जपानमध्ये अशीच पेज करतात आणि आजाऱ्याच्या प्रकृतीप्रमाणे पाणी ठरवतात: तांदळाच्या पाचपट, सातपट, दहापट, अगदी अशक्त माणसाला वीसपट. आपल्यालाही हे प्रमाण जसंच्या तसं उपयोगी आहे.

यात मीठ घालायचं नाही. वाडग्यात आधी आल्याच्या बारीक काड्या, पातीचा कांदा आणि प्रत्येकी एक लहान चमचा सोया सॉस घाला, त्यावर उकळता जूक ओता, वरून पांढरी मिरपूड. तिकडे शेवटी भाजलेल्या तिळाच्या गडद तेलाचे थेंब घालतात. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. त्यापेक्षा चमचाभर तीळ खमंग भाजून गरम असतानाच खलात जाडसर कुटा आणि वर पेरा.

बाबा, सोया सॉसच्या एका लहान चमच्यात सुमारे 300 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे पाऊण ग्रॅम मिठाइतकं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम मिठाची आहे. तेव्हा बाटली टेबलावर ठेवायची नाही, चमच्याने मोजूनच. ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही. इतका शिजलेला तांदूळ रक्तातली साखरही झटकन वाढवतो, म्हणून तुमचं वाडगं लहान. त्यात उकळत्या जूकमध्येच एक फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडून ढवळा, किंवा पनीर कुस्करून घाला.

उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, बाहेर राहिले की विष तयार करतात आणि ते परत उकळल्यानेही जात नाही. गरम करताना घट्ट झालेला जूक उकळत्या पाण्याने सैल करा, गार पाण्याने गाठी राहतात.

चौथा, ग्रीसचा झाझिकी, दहा मिनिटांचा. श्रीखंडासाठी बांधतो तसा 250 ग्रॅम चक्का, एक काकडी, लसणाची एक पाकळी वाटून, मोठा चमचाभर ऑलिव्ह तेल, लहान चमचाभर लिंबाचा रस आणि मूठभर शेपू बारीक चिरून. हो, आपलाच शेपू. ग्रीसमध्येही तोच दह्यात जातो. आपला जरा उग्र असतो, म्हणून फक्त कोवळी पानं घ्या. काकडी किसून पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मग फडक्यात घट्ट पिळा. पिळायचं राहिलं की तासाभरात पाणी सुटून कोशिंबिरीसारखं होतं. दाणकूट नको, फोडणी नको. तासभर फ्रिजमध्ये ठेवून भाकरीबरोबर किंवा शकशुकाच्या कडेला घ्या. त्याच दिवशी संपवा, कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी फार तिखट होतो.

सुरुवात झाझिकीने करा, त्यात बिघडण्यासारखं कमी आहे. स्पॅगेटी करायची त्या दिवशी आई लसणापाशी उभी राहील आणि बाबा घड्याळ बघतील, कारण ती दोन कामं एकाच वेळी चालतात. फोन करायचा झाला तर लसूण तेलात घालायच्या आधी करा, मी लागेल तेवढा वेळ थांबेन.

तुमची,
लेक