गैरअर्जदार क्रमांक चार

नागपूर,
जानेवारी २०२५

प्रिय मिलिंद,

हो, ऐकलंस ते खरं आहे. ज्यांच्या ऑटोत मागे बसलो असताना माझा अपघात झाला, त्या रमेशभाऊंना मी भरपाईच्या केसमध्ये घेतोय. मोहल्ल्यात बोंब होणार हे ठाऊक होतं, पण ती इतक्या लवकर पुण्याला पोचेल असं वाटलं नव्हतं.

पायाचं म्हणशील तर रॉड आतच आहे. उकिडवं बसता येत नाही, बाकी चालतंय.

आता मूळ भानगड. दावा लावला होता तो टिप्परवाल्यांवर. चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी, हे गैरअर्जदार, म्हणजे ज्यांच्यावर दावा आहे ते, एक ते तीन. कामठी रोडवर रात्री मागचे दिवे न लावता टिप्पर उभा ठेवल्यावर चूक कोणाची, यात मला शंकाच नव्हती. आता कंपनीचा लेखी जबाब आलाय. म्हणे टिप्पर कडेलाच होता, ऑटो भरधाव येऊन धडकला, आणि ऑटोवाल्याला नि त्याच्या विमा कंपनीला पक्षकार केलं नाही म्हणून दावाच चालू शकत नाही.

वकीलसाहेबांना म्हटलं, मी तर मागच्या सीटवर बसलेला माणूस! ते म्हणाले, तीच आपली बाजू. दोघांच्या चुकीनं तिसऱ्याला इजा झाली तर तो त्यातल्या कोणाकडूनही पूर्ण भरपाई घेऊ शकतो, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्येच सांगितलंय. पण अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणानं टिप्परची चूकच धरली नाही, सगळी ऑटोवर टाकली, तर? ऑटो केसमध्येच नाही, म्हणजे हाती भोपळा. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम १० खाली रमेशभाऊ आणि त्यांच्या विमा कंपनीला केसमध्ये जोडायचा अर्ज. तो मंजूर झाला की मूळ अर्जात दुरुस्ती, नव्यांना समन्स, त्यांचे जबाब, आणि अर्थातच तारखा. मुदतीवरूनही ऑटोची विमा कंपनी भांडणार, कारण दिवाणी दाव्यात नव्या प्रतिवादीपुरता दावा त्याला जोडलं त्या दिवशी लागला असं सहसा धरतात. ते वकीलसाहेब बघतील.

समन्स हातात पडण्याआधी रमेशभाऊंना आपणच सांगावं म्हणून घरी गेलो. ते ऑटोच्या सीटला रेक्झिन ठोकत होते. सगळं ऐकून घेतलं, तोंडात धरलेला खिळा काढला आणि म्हणाले, "मलेच गुन्हेगार करता का भाऊ? त्या रात्री तुमाले मेडिकल हॉस्पिटलमध्ये कोनं नेलं?" त्यांनीच नेलं होतं. स्वतःच्या कपाळातून रक्त वाहत असताना.

खरी धास्ती वेगळीच. त्यांचं लायसन्स हलक्या वाहनाचं, त्यावर ट्रान्सपोर्टचा, म्हणजे भाड्याचं वाहन चालवायचा, शिक्का नाही. लायसन्स चालत नाही म्हणून विमा कंपनी सगळे पैसे तुझ्याकडून वसूल करेल, घर विकावं लागेल, असं कोणीतरी भरवून ठेवलंय. मी सांगितलं, ७,५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन त्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलंय. पॉलिसीही चालू होती. पटलं असं वाटलं नाही. चहा पाजला, पण वहिनी बाहेर आल्या नाहीत.

तरी मी अर्ज मागे घेणार नाही. भिडेपोटी भरपाईवर पाणी सोडायला हा पाय माझा आहे, मोहल्ल्याचा नाही.

आता तुझं काम. त्या रात्री तू टिप्परचे फोटो काढले होतेस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. व्हॉट्सअॅपवरच्या कॉपीवर समोरचा वकील बोट ठेवणार. ज्या फोननं काढले तो हवा, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, फोटो त्याच फोनमधले आहेत असं तुझं प्रमाणपत्र. तेव्हा तो जुना फोन विकू नकोस बे! साक्षीची तारीख लागली की तिकीट मी काढतो. आणि हे फोटो रमेशभाऊंच्याही कामाचे आहेत, तेवढं त्यांना फोन करून सांग. माझं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ते सध्या नाहीत.

तुझा,
संजू