ट्रक मोजू नका, आत काय पोहोचलं ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेढ्यात अडकलेल्या शहरांबद्दल ‘आज इतके ट्रक आत सोडले’ अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, चला, अन्न पोहोचलं. बालरोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी अतिकुपोषित मुलांना भरवण्यात गेली. त्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

मार्च २०१८ मध्ये सीरियात दमास्कसजवळच्या, वेढ्यात अडकलेल्या पूर्व घौटा भागाकडे मदतीचे ४६ ट्रक निघाले. तपासणीत त्यांतलं बरंचसं वैद्यकीय साहित्य उतरवून घेतलं गेलं, पुढे तोफांचा मारा सुरू झाला आणि काही ट्रक पूर्ण रिकामे न होताच परतले. बातमीत मात्र ४६ हाच आकडा लक्षात राहतो. विमानातून टाकलेल्या मदतीचंही तसंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये सीरियातल्याच, वेढ्यातल्या देर एझ-झोर शहरावर २१ टन माल पॅराशूटने सोडला, म्हणजे जेमतेम एका मोठ्या ट्रकचा. त्यातला काही फुटला, काही भलतीकडेच पडला, बाकीच्याचा पत्ताच लागला नाही. पुढे तिथे हे तंत्र जमलं, हेही खरं. पण रस्ता खुला करायला लावणं याला ते पर्याय नाही.

बरं, पोती पोहोचली तरी त्यात असतं पीठ, तांदूळ, डाळ. ते शिजवायला जळण हवं, पाणी हवं. इंधन अडवलं की धान्य घरात असून चूल पेटत नाही. म्हणून इंधनाचा टँकर हीसुद्धा अन्नाचीच मदत आहे, आणि तिची बातमी क्वचितच होते.

लहान मुलांचं तर आणखी वेगळं. फार दिवस उपाशी असलेल्या मुलाला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि जिवावर बेतू शकतं. आम्ही सुरुवातीला खास पातळ दूध मोजून, दर दोन-तीन तासांनी द्यायचो, रात्रीसुद्धा. मूल स्वतःहून वाटीला हात घालू लागलं की मग पुढचा आहार. शेंगदाण्याच्या पेस्टचं ९२ ग्रॅमचं पाकीट तेव्हा फार कामाचं : सुमारे ५०० कॅलरी, शिजवायला नको, कोपरा फाडून मूल थेट चोखतं. पण कोणाला आधी दूध आणि कोणाला पाकीट, हे दंडाचा घेर मोजून, पायाची सूज पाहून ठरवणारं माणूस तिथे लागतं. नाक्यावर परिचारिकेला अडवलं तर नुसती पाकिटं आत जाऊन भागत नाही.

नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरण्याचा सुरक्षा परिषदेने २०१८ च्या ठराव २४१७ मध्ये निषेध केला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे, त्या रोम करारात तो युद्धगुन्हा आहे. तेव्हा आपल्या बातमीत ट्रकांच्या आकड्याशेजारी एवढं तरी यावं : माल नाक्यावर किती दिवस थांबला, काय काढून घेतलं, इंधन सोडलं का, आणि वाटप झालं की नाही.

आपली,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ